पिशवीचे दोन हिशेब

प्लास्टिकबंदीची चर्चा सुरू झाली की एक आकडा हमखास फिरायला लागतो: कापडी पिशवी ७,१०० वेळा वापरली, तरच ती प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा पर्यावरणाला बरी. सेंद्रिय कापसाची असेल, तर २०,००० वेळा. म्हणजे रोज बाजारात गेलं तरी ५४ वर्षं. हा आकडा वाचून अनेक जण कापडी पिशवीचा नाद सोडतात आणि पुन्हा कॅरीबॅग मागू लागतात.

आकडा खोटा नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यासाठी तिथल्या तंत्र विद्यापीठाने केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला तो आहे. पण तो कशाचा आकडा आहे, हे पुढे पाठवणारे सांगत नाहीत. खरा आकडा अर्धवट सांगितला, की त्यातून चुकीचा निर्णय होतो आणि तो निर्णय शास्त्राच्या नावावर खपतो. म्हणून तो नीट तपासायला हवा.

अशा अभ्यासाला जीवनचक्र विश्लेषण म्हणतात. कच्चा माल जमिनीतून निघाल्यापासून वस्तू कचऱ्यात जाईपर्यंत किती इंधन, वीज, पाणी, खत, रसायनं लागली आणि त्यातून हवेत, पाण्यात, मातीत काय गेलं, याची बेरीज त्यात करतात. डेन्मार्कच्या संशोधकांनी हवामान, ओझोनचा थर, पाण्याचा वापर, विषारीपणा असे १५ निकष धरले. दुकानातल्या साध्या पॉलिथिनच्या पिशवीशी तुलना केली आणि प्रत्येक निकषावर इतर पिशव्या किती वेळा वापरल्या तर बरोबरी होईल, ते काढलं. ७,१०० हा आकडा त्यातल्या एकाच, म्हणजे सर्वांत वाईट निकषाचा आहे: ओझोनच्या थरावरचा परिणाम. फक्त हवामानबदलापुरतं पाहिलं, तर त्याच अहवालात साध्या सुती पिशवीला ५२ वेळा वापर पुरतो. आठवड्याला एकदा बाजार केला, तर एका वर्षात तेवढा वापर होतो.

सेंद्रिय कापसाचा आकडा एवढा फुगण्याची आणखी दोन कारणं आहेत. सेंद्रिय शेतीत एकरी उतारा कमी धरला होता. शिवाय त्यांनी निवडलेली सेंद्रिय पिशवी ठरवलेल्या मापापेक्षा लहान होती, म्हणून एका प्लास्टिकच्या पिशवीसमोर हिशेबात दोन सुती पिशव्या मांडल्या गेल्या.

याआधी इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली असाच अहवाल काढला होता. दुकानात मिळणारी पातळ, बंडीच्या आकाराची पिशवी, जिला आपल्याकडे व्यापारी झबला म्हणतात, ती एकदाच वापरून टाकली असं धरलं, तर हवामानाच्या निकषावर तिच्याशी बरोबरी साधायला कागदी पिशवी ३ वेळा, जाड पॉलिथिनची ४ वेळा, न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची ११ वेळा आणि सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. मूळ कारण वजनात आहे. त्या अभ्यासातली झबला पिशवी सुमारे ८ ग्रॅमची होती, कागदी ५५ ग्रॅमची आणि सुती १८३ ग्रॅमची. ८ ग्रॅम पॉलिथिन बनवायला लागतं तरी किती? कापसाला मात्र जमीन, पाणी, खत, फवारणी, सूतगिरणी, मागावरची वीज, सगळंच लागतं.

त्यामुळे पिशवी बनवायला काय लागतं, या पहिल्या हिशेबात पातळ पिशवी जिंकते, हे मान्य करायला हवं. पर्यावरणाची काळजी असणाऱ्यांनी तर आधी मान्य करायला हवं. दर समारंभात, दर दुकानात, दर परिषदेत नवी कोरी सुती पिशवी वाटणं हे पर्यावरणाचं काम नाही. कपाटात अशा डझनभर पिशव्या घडी घालून पडल्या असतील, तर तो नुसताच वाया गेलेला कापूस आहे.

पण डेन्मार्कच्या त्या अभ्यासात एक गोष्ट मोजलेलीच नाही: रस्त्यावर, नाल्यात, समुद्रात जाणारी पिशवी. तिथे ती जवळपास सगळी कचऱ्याच्या डब्यात जाते, मग भट्टीत जळून तिच्यापासून वीज आणि उष्णता मिळते. त्या देशासाठी ती गोष्ट सोडून देणं योग्यच होतं. आपल्यासाठी नाही.

पिशवीचा दुसरा हिशेब इथे सुरू होतो. गंमत वाटेल, पण पहिल्या हिशेबात पिशवीला जिंकवणारे गुण दुसऱ्यात तिच्यावर उलटतात. ती हलकी आहे, म्हणून वाऱ्याने उडते. स्वस्त आहे, म्हणून कुणी जपत नाही. पातळ आहे, म्हणून कुणी वेचत नाही. ५ ग्रॅमच्या पिशव्या असतील, तर एक किलो भरायला २०० वेचाव्या लागतात. त्याही मातीने, खरकट्याने भरलेल्या. कचरा वेचणाऱ्या बाईला तेवढ्या वेळात बाटल्या आणि पुठ्ठे गोळा करून कितीतरी जास्त पैसे मिळतात. दुधाची पिशवीही पॉलिथिनचीच, पण ती जाड आणि एकाच प्रकारच्या प्लास्टिकची असते, घरात धुऊन साठवली जाते आणि भंगारवाला ती घेतो. म्हणून गटारात दुधाच्या पिशव्यांपेक्षा पातळ कॅरीबॅगच जास्त सापडतात.

नाल्याच्या तोंडावरच्या लोखंडी जाळीपाशी पाऊस पडताना उभं राहून पाहा. काडी-कचरा, पानं, फांद्या जाळीला अडतात, पण त्यांच्या फटींतून पाणी जात राहतं. पिशवी येऊन गजांवर पसरली, की मागून येणारं पाणीच तिला जाळीवर दाबून धरतं. प्रवाह वाढेल तसा दाब वाढतो आणि ती अधिक घट्ट बसते. तिच्यावर गाळ आणि पानं साचतात. दोन-चार पिशव्यांत एवढ्याशा जाळीचं तोंड बंद होतं. फोडून काढल्याशिवाय पाणी पुढे सरकत नाही.

बांगलादेशाने २००२ साली पातळ पिशव्यांवर बंदी घातली, अशी बंदी घालणारा तो पहिला देश. १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत तुंबलेल्या गटारांचा अनुभव त्यामागे होता. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतर महाराष्ट्राने ५० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ पिशव्यांवर बंदी आणली. इथेही नेमकं बोलायला हवं. त्या दिवशीचा पूर पिशव्यांमुळे आला नव्हता. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेल्या. त्यात समुद्राची भरती आणि भराव टाकून अरुंद केलेली मिठी नदी. पिशव्यांनी असलेली थोडीशी वाटही अडवली. सगळं खापर पिशव्यांवर फोडलं, की मिठीच्या काठावरचे भराव विसरले जातात.

गुरांचा प्रश्न तर आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. गाय शेळीसारखी ओठांनी निवडून खात नाही. ती जिभेने चाऱ्याचा जुडगा ओढते आणि फारसं न चावता गिळते, रवंथ नंतर. भाजीची देठं, भाकरीचे तुकडे घालून गाठ मारलेली पिशवी तिला उघडता येत नाही, म्हणून ती पिशवीसकट गिळते. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातून पुढे जायला अन्न बारीक व्हावं लागतं. पिशवी बारीक होत नाही, तिथेच राहते. वर्षानुवर्षं पिशव्या एकमेकींत गुंतून त्यांचा गोळा होतो. जनावर चारा कमी खातं, खंगत जातं. जनावरांचे डॉक्टर डाव्या कुशीत छेद घेऊन तो गोळा काढतात आणि एकेका गायीच्या पोटातून कित्येक किलो प्लास्टिक निघतं. डेन्मार्कच्या १५ निकषांत ही गाय कुठेच नाही.

पिशवी कुजत का नाही, याचं कारण तिच्या रेणूत आहे. पॉलिथिन म्हणजे कार्बनच्या हजारो अणूंची लांबलचक साखळी, तिला दोन्ही अंगांनी हायड्रोजन. जिवाणूंच्या विकरांना (रेणू तोडणाऱ्या एन्झाइमना) धरायला त्यात जागाच सापडत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी साखळ्या तुटतात, पिशवी ठिसूळ होते आणि तिचे तुकडे होतात. पण तुकडे पॉलिथिनचेच राहतात. १९९८ साली प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेत, म्हणजे समुद्राच्या सर्वांत खोल जागी, १०,८९८ मीटर खोलीवर प्लास्टिकची पिशवी दिसल्याची नोंद आहे.

बाजारात ‘विघटनशील’ असं छापलेल्या पिशव्या येतात, त्यांच्याबद्दलही सावध राहावं. प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा पिशव्या तीन वर्षं मातीत, समुद्रात आणि उघड्या हवेत ठेवून पाहिल्या आणि २०१९ साली निष्कर्ष मांडले. विघटनशील म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात राहूनही किराणा उचलण्याइतकी शाबूत होती. कंपोस्ट होणारी पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही होती, फक्त वजन पेलत नव्हती. या पिशव्यांना कुजायला कंपोस्ट कारखान्यातली उष्णता लागते. उकिरड्यावर ती मिळत नाही.

आणखी एक फसवणूक आपल्या घराघरांत आहे. साडीच्या, चपलांच्या दुकानांत मिळणारी रंगीत, कापडासारखी मऊ पिशवी. लोक तिला बिनदिक्कत कापडी म्हणतात. ती उजेडात धरून पाहा: उभा-आडवा धागा नाही, फक्त दाबून उठवलेले बारीक ठिपके. पॉलिप्रॉपिलीनचे तंतू पसरून त्या ठिपक्यांवर उष्णतेने चिकटवलेले असतात. तीही प्लास्टिकच. बाल्कनीत उन्हात काही महिने टांगून ठेवली, तर हात लावताच तिचा चुरा होतो आणि तो झाडताना बारीक तंतू हवेत उडतात. उन्हापासून जपून अनेकदा वापरली तर ती वाईट नाही; पण कापड समजून निर्धास्त फेकू नये.

मग सरकारने काय करावं? आयर्लंडने मार्च २००२ मध्ये पिशवीमागे १५ सेंट आकारायला सुरुवात केली आणि माणशी वर्षाचा वापर ३२८ पिशव्यांवरून २१ वर आला. बंदी नव्हे, फक्त किंमत. कॅलिफोर्नियाचा अनुभव जास्त बोधप्रद आहे. तिथल्या काही शहरांनी पातळ पिशव्या बंद केल्या, तेव्हा कचऱ्याच्या डब्यात घालायच्या छोट्या पिशव्यांची विक्री १२० टक्क्यांनी वाढली. वाचलेल्या प्लास्टिकपैकी सुमारे २८ टक्के असं परत आलं. पुढे राज्याच्या कायद्याने जाड, ‘पुन्हा वापरता येणाऱ्या’ प्लास्टिकच्या पिशव्या विकायला मुभा दिली. लोकांनी त्याही एकदाच वापरून फेकल्या. शेवटी २०२४ साली कायदा बदलून १ जानेवारी २०२६ पासून त्याही बंद करायचं ठरलं.

आपल्या नियमांनी हाच धोका ओढवून घेतला आहे. देशात पिशवीची किमान जाडी १९९९ साली २० मायक्रॉन होती, मग ४०, ५०, सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि २०२२ च्या अखेरीपासून १२०. जाड पिशवी महाग पडेल, दुकानदार फुकट देणार नाही, वेचणाऱ्यालाही परवडेल, हा त्यामागचा विचार बरोबर आहे. पण ती पिशवी एकदाच वापरली जात असेल, तर आपण पाच-सहापट प्लास्टिक फेकतो आहोत. आणि महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ ला बंदी जाहीर करून पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठेवला, तरी पातळ पिशवी मंडईत अजून मिळते. दंड हातगाडीवाल्याला होतो. पिशव्या बनवणारं यंत्र चालूच राहतं, हे मला पटत नाही.

तरीही बंदी निरुपयोगी असते असं म्हणणं चूक ठरेल. अमेरिकेतल्या किनारे-सफाईच्या नोंदी तपासून २०२५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापलेल्या शोधनिबंधात दिसलं, की जिथे पिशव्यांवर बंदी किंवा शुल्क होतं, तिथे किनाऱ्यावरच्या कचऱ्यातला पिशव्यांचा वाटा २५ ते ४७ टक्क्यांनी कमी होता. दुसऱ्या हिशेबात हा खरा फायदा आहे.

दोन्ही हिशेबांत पास होणारी पिशवी आपल्याकडे जुनीच आहे. विटलेल्या साडीची, बाबांच्या जुन्या पँटीची, पडद्याच्या उरलेल्या तुकड्याची. तिच्यात कापूस आहे, पण त्या कापसाचं पाणी, खत आणि वीज साडीच्या खात्यावर आधीच पडली आहे, आणि साडीने अनेक वर्षं नेसून ते फेडलंही आहे. उरतो तो शिलाईचा दोरा. जीवनचक्राच्या भाषेत या पिशवीचा भार जवळजवळ शून्य आहे आणि ७,१०० चा आकडा तिला लागूच होत नाही. बचत गटांना नव्या मांजरपाटाऐवजी जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवायचं काम द्यावं, महापालिकांनी त्यासाठी जुने कपडे गोळा करावेत.

अडचण ओल्या मालाची आहे. मासे, मटण, दही, चटणी यांना सुती पिशवी चालत नाही, आणि पातळ पिशवीचा खरा उपयोग आज तिथेच आहे. त्यासाठी घरून झाकणाचा डबा न्यावा. काटा इलेक्ट्रॉनिक असेल, तर रिकामा डबा ठेवून आकडा शून्यावर आणायचं बटण त्यावर असतं; विक्रेत्याला ते ठाऊक असतं. साधा तराजू असेल, तर आधी माल तोलून मग डब्यात घालायला सांगावं. मासळीबाजारात यावर कुणी कुरकुर करत नाही, त्यांचा पिशवीचा खर्च वाचतो.