कोल्हा, खोकड आणि अमेरिकेतला ‘ग्रे फॉक्स’

पुण्याहून सासवड, जेजुरी किंवा इंदापूरकडे जाताना लागणाऱ्या माळरानांवर कोल्हा आणि खोकड हे दोन वेगळे प्राणी राहतात. कोल्हा अंगाने मोठा आणि कोल्हेकुई करणारा, तर खोकड लहानखुरा, झुपकेदार शेपटीच्या काळ्या टोकावरून ओळखू येणारा. इंग्रजीतला ‘फॉक्स’ म्हणजे खरे तर आपला खोकड. पण द्राक्षे आंबट म्हणणाऱ्या इसापाच्या फॉक्सचा मराठीत कोल्हा झाला आणि ती सवय आजही सुटलेली नाही; अमेरिकेतल्या ‘ग्रे फॉक्स’चेही ‘करडा कोल्हा’ असेच भाषांतर होते. ब्रिटिश निसर्गअभ्यासक विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३१ साली दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा इथल्या फॉक्सला त्यांनी ‘कोक्री’ हे शास्त्रीय नाव दिले. मला त्यात आपल्या ‘खोकड’चाच उच्चार ऐकू येतो. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी १८०० मध्येच दिलेले ‘बेंगालेन्सिस’ हे नाव आधीचे असल्यामुळे पुढे तेच टिकले.

ग्रे फॉक्सच्या नावाचा प्रवास याहून गुंतागुंतीचा आहे. श्रेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १७७५ मध्ये त्याची नोंद केली ती त्या काळच्या रीतीप्रमाणे कुत्र्या-लांडग्यांच्या ‘कॅनिस’ या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात. अमेरिकेचे स्पेन्सर बेअर्ड यांनी १८५७ मध्ये त्याच्यासाठी ‘युरोसायन’, म्हणजे ‘शेपटीवाला श्वान’, ही स्वतंत्र प्रजाती केली. त्याच्या शेपटीवर पाठीकडून टोकापर्यंत राठ काळ्या केसांचा पट्टा असतो, कवटीवरचे कंगोरे एकमेकांपासून दूर राहतात, आणि बाकदार नख्यांच्या आधाराने तो झाडावर सहज चढतो, जे श्वानकुलात फारच विरळा आढळते.

हे वेगळेपण किती जुने आहे, ते जनुकांच्या अभ्यासातून कळले. २००५ साली कुत्र्याच्या जनुकसंचाच्या वाचनाबरोबर श्वानकुलाचा जो वंशवृक्ष मांडला गेला, त्यात ग्रे फॉक्स आणि कॅलिफोर्नियाजवळच्या चॅनेल बेटांवरचा त्याचा छोटा भाऊबंद यांची फांदी सर्वांत आधी फुटलेली दिसते. खोकड आणि युरोपातला तांबडा फॉक्स ‘व्हल्पीस’ या प्रजातीचे, म्हणजे पूर्णपणे दुसऱ्या फांदीवरचे. दक्षिण अमेरिकेतले ‘फॉक्स’ तर लांडग्यांच्या बाजूला जाऊन बसतात. अर्थात ‘फॉक्स’ हे नाव वंशाचे नसून निमुळते तोंड, लहान चण आणि झुपकेदार शेपटी अशा बांध्याचे आहे.

म्हणून ‘करडा कोल्हा’ हे भाषांतर मला खटकते, कारण कोल्हा लांडग्याचा सख्खा नातेवाईक आहे आणि त्याचा बांधाही फॉक्सचा नाही. ‘करडा खोकड’ म्हटल्याने वंश कळत नसला, तरी निदान प्राण्याची ठेवण डोळ्यांपुढे बरोबर उभी राहते.