गरोदरपणातली शुगर: आधी यादी, मग सरसकट तपासणी

गरोदर बाईने दवाखान्यात नाव नोंदवलं की ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजायचं आणि दोन तासांनी शुगर बघायची, असा आज नियम आहे. तरी सोलापुरात एखाद्या सासूबाई म्हणतातच, "ही एवढी बारीक, हिला कुठली शुगर?" या शंकेमागे जुनी वैद्यकीय समजूत आहे: धोक्याच्या यादीत बसणाऱ्या बायांचीच तपासणी पुरे.

१८२४ साली बर्लिनमध्ये बेनेविट्झ यांनी पाचव्या खेपेच्या एका बाईची नोंद केली. तहान भागत नव्हती, बाळ बारा पौंडांचं भरलं आणि दगावलं. बाळंतपणानंतर तिच्या लघवीतली साखर गेली. आधीचं मूल वजनदार किंवा मृत जन्मलेलं असणं पुढे धोक्याच्या यादीत आलं. वाढतं वय, लठ्ठपणा, आईवडिलांचा मधुमेह, पीसीओएस (बीजकोशांचा एक विकार) हेही त्यात आले.

बोस्टनमध्ये ओ'सुलिव्हन आणि महान यांनी १९६४ मध्ये तपासणीचे आकडे ठरवले, पण ते बाळासाठी नव्हतेच. या आईला पुढे मधुमेह होईल का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. आईच्या साखरेचा बाळावर काय परिणाम होतो, हा हिशेब नीट लागला तो २००८ च्या 'हापो' नावाच्या अभ्यासात.

आपल्याकडे यादी तोकडी पडली. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात बाळं वजनाला कमी, पण अंगात चरबी टिकवलेली आढळली. म्हणजे काटा बारीक दाखवतो तेव्हाही निर्धास्त राहता येत नाही. त्यात पाश्चात्त्य याद्यांमध्ये दक्षिण आशियाई असणं हाच एक धोका! मग निवडायचं कुणाला? चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी सगळ्यांचीच तपासणी करण्याचा आग्रह धरला, तीही उपाशीपोटी नको. दोन तासांनी १४० किंवा जास्त आली की निदान. लांबून आलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी उपाशी बोलावलं तर ती येतेच असं नाही. केंद्र सरकारने २०१४ मध्ये हीच पद्धत घेतली. पहिली तपासणी ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची, कारण वारेतले संप्रेरक तेव्हा इन्सुलिनला जास्त अडवतात.

दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या सोलापुरातल्या बायांना मला तरी या यादीतून सहज वगळता येत नाही. बैठं काम तिथे आहेच.

ओ'सुलिव्हन यांचा जुना प्रश्न मात्र मागे पडतो. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा शुगर बघायची असते. तेव्हा बाई अक्कलकोटला किंवा बार्शीला माहेरी असते, आणि घरात सगळं लक्ष बाळाच्या लसीकडे.