रेझिस्टन्स वाढला की पॉवर वाढते का कमी होते?

व्होल्टेज आणि करंट हे दोन आकडे हातात असले की बाकीचं गणित दोन ओळींचं आहे. व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध, येतो ओहममध्ये, आणि दोघांचा गुणाकार केला की पॉवर येते वॅटमध्ये. समजा हीटर 230 व्होल्टवर 10 अँपिअर घेतोय, तर रेझिस्टन्स 23 ओहम आणि पॉवर 2300 वॅट, झालं. फक्त मीटर मिलिअँपिअर दाखवत असेल तर आधी 1000 ने भागून घ्या.

घोळ होतो तो पुढे. पॉवर काढायची अजून दोन सूत्रं आहेत, करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स हे एक, आणि व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स हे दुसरं. पहिल्यात रेझिस्टन्स वाढला की पॉवर वाढते, दुसऱ्यात कमी होते, मग खरं कुठलं? बरेच जण इथे सूत्र पाठ करून मोकळे होतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण सगळा विषय इथेच उलगडतो. दोन्ही खरी आहेत, बघायचं एवढंच की रेझिस्टन्स बदलल्यावर काय तेवढंच राहतंय, व्होल्टेज की करंट.

हीटरला व्होल्टेज ठरलेलं मिळतं. म्हणून कॉइलचा रेझिस्टन्स निम्मा, म्हणजे 11.5 ओहम केला तर करंट 20 अँपिअर आणि पॉवर 4600 वॅट, दुप्पट. आता त्याच 23 ओहमच्या हीटरचा प्लग सॉकेटमध्ये ढिला बसलाय आणि तिथे जेमतेम अर्धा ओहम रेझिस्टन्स तयार झालाय असं धरा. करंट किती वाहणार हे हीटरच ठरवतो, तो थोडासाच कमी होऊन 9.8 च्या आसपास राहतो, त्याचा वर्ग गुणिले अर्धा म्हणजे जवळपास 48 वॅट, आणि ही सगळी उष्णता त्या छोट्याशा पिनपाशी! छोटं सोल्डरिंग आयर्न साधारण 25 वॅटचं असतं आणि त्याने कथील वितळतं, यावरून प्लग काळा का पडतो ते समजेल. इथे रेझिस्टन्स जितका वाढेल तितकी उष्णता वाढते, म्हणून ढिला प्लग दिसला की लगेच बदला.

दुसरी गोष्ट, काढलेला रेझिस्टन्स त्या क्षणाचा असतो. 60 वॅटचा जुना फिलॅमेंटचा बल्ब 230 व्होल्टवर साधारण 0.26 अँपिअर घेतो, म्हणजे 880 ओहम, पण बंद बल्बला मल्टिमीटर लावला तर याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी दिसतो, कारण टंगस्टन तापलं की त्याचा रेझिस्टन्स प्रचंड वाढतो. बल्ब बहुतेक वेळा स्विच ऑन करतानाच का उडतो त्याचं एक कारण हेच, थंड फिलॅमेंटमधून सुरुवातीला करंटचा मोठा झटका जातो. व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्सचा हा नियम जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहमने 1827 साली पुस्तकात मांडला, त्याआधी त्यालाही स्थिर व्होल्टेजसाठी झगडावं लागलं होतं, तेव्हाच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज टिकत नव्हतं म्हणून त्याने थर्मोकपल वापरलं, म्हणजे दोन धातूंचा असा जोड ज्याच्या टोकांच्या तापमानात फरक असला की व्होल्टेज तयार होतं, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात.

आणि मोटरला हे गणित सरळ लावू नका. एसीवर 230 व्होल्ट आणि 5 अँपिअर दिसले तर गुणाकार 1150 येतो, पण ते व्होल्ट-अँपिअर, त्यातला खरी पॉवर असलेला हिस्सा म्हणजे पॉवर फॅक्टर, तो 0.8 असेल तर खरी पॉवर 920 वॅटच. तसंच 230 भागिले 5 करून येणारे 46 ओहम म्हणजे इम्पीडन्स, एसी करंटला होणारा एकूण विरोध, नुसता तारेचा रेझिस्टन्स नव्हे, मोटर बंद करून वाइंडिंग मोजलं तर आकडा बराच कमी येतो.