इंग्लंडच्या खेड्यातल्या लोहार-सुतार पूर्वजांचा माग: दाखले, अर्ज आणि लागणारी माहिती

इंग्लंड आणि वेल्समधला जन्म, विवाह किंवा मृत्यूचा दाखला जगातल्या कुणालाही मागवता येतो. नातं सिद्ध करावं लागत नाही, ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही, प्रतिज्ञापत्रही लागत नाही. आपल्याकडे आजोबांचा दाखला काढताना जी धावपळ होते, ती केलेल्या माणसाला हे खरं वाटत नाही, पण तसंच आहे. पुणे, देवळाली, अहमदनगरच्या छावण्यांत आलेल्या एखाद्या गोऱ्या शिपायाचं आडनाव लावणारी अँग्लो-इंडियन कुटुंबं, किंवा इंग्रज घरात लग्न झालेल्या आपल्या मुली आणि त्यांची मुलं, यांना हे उपयोगी पडेल.

एक गोष्ट मात्र आधी लक्षात घ्या. खेड्यातल्या कारागिराचा माग नावापेक्षा धंद्यावरून जास्त पक्का लागतो. एकाच गावात एका पिढीत तीन विल्यम टेलर सहज सापडतात, पण त्यातला गाड्यांची चाकं करणारा बहुधा एकच असतो. भाता-ऐरण बापाकडून मुलाकडे जायची. त्यामुळे प्रत्येक कागदावरचा धंद्याचा रकाना आधी वाचायचा, नाव नंतर.

अर्ज कुठे आणि काय हाताशी हवं

सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. त्यानंतरचे दाखले जनरल रजिस्टर ऑफिस देतं, म्हणजे जीआरओ. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची कार्यालयं वेगळी आहेत, तिथे वेगळा अर्ज करावा लागतो. जीआरओच्या संकेतस्थळावर ईमेल देऊन खातं उघडलं की जन्म-मृत्यूची सूची फुकट शोधता येते. आडनाव, स्त्री की पुरुष आणि वर्ष एवढं भरावंच लागतं. वर्षाच्या मागेपुढे दोन वर्षांपर्यंत सूट मिळते. जन्माच्या सूचीत आईचं माहेरचं आडनाव दिसतं आणि मृत्यूच्या सूचीत वय. पैसे भरण्याआधी निम्मी खातरजमा इथेच होते. आईच्या माहेरच्या आडनावाची जागा कोरी असेल, तर मूल बहुधा लग्नाबाहेर झालेलं असतं.

सापडलेल्या नोंदीपुढे वर्ष, तिमाही, खंड आणि पान लिहिलेलं असतं. अर्जात हाच संदर्भ जातो. सूचीत गावाचं नाव नसतं, नोंदणी जिल्ह्याचं असतं. विल्टशरमधल्या लेकॉक गावातलं मूल चिपेनहॅमखाली सापडेल. 'आमच्या गावाचं नावच दिसत नाही' म्हणून शोध सोडू नका. घटना गेल्या पन्नास वर्षांतली असेल, तर जास्तीचा तपशील मागतात, जसं नेमकी तारीख आणि पालकांची नावं.

आणखी एक अडचण जुन्या जन्मांची. १८७५ पर्यंत नोंद न करणाऱ्या पालकांवर फारशी सक्ती नव्हती, त्यामुळे त्याआधीची काही मुलं सूचीत नाहीतच. अशा वेळी थेट चर्चच्या बाप्तिस्म्याकडे वळायचं.

पहिला दाखला विवाहाचा मागवा

बहुतेक लोक आधी जन्मदाखला मागवतात. माझ्या मते पैसे आधी विवाहाच्या दाखल्यावर घालावेत. त्याच्या एका ओळीत वराचं वय, धंदा आणि राहण्याचं ठिकाण असतं, आणि त्याच्या पलीकडे दोन्ही बापांची नावं आणि त्यांचे धंदे. 'फुल एज' लिहिलं असेल तर वय एकवीस किंवा जास्त, एवढंच कळतं. खाली सह्या असतात, नाहीतर फुली. साक्षीदारांकडेही लक्ष द्या, त्यात हमखास भाऊ-बहीण निघतात. बापाच्या नावापुढे 'मृत' लिहिलेलं नसलं, म्हणून तो जिवंत होता असं धरू नका. आईचं नाव शोधत बसू नका, विवाह नोंदीत आईचं नाव ४ मे २०२१ पासून यायला लागलं.

विवाहाची सूची जीआरओच्या संकेतस्थळावर नाही. ती फ्रीबीएमडी या स्वयंसेवकांनी चालवलेल्या फुकट संकेतस्थळावर बघायची, तिथला खंड-पान उतरवायचा आणि जीआरओच्या अर्जात भरायचा.

फी

एप्रिल २०२४ पासूनचे दर असे: टपालाने येणारा कागदी दाखला १२.५० पौंड, तातडीचा ३८.५० पौंड, पीडीएफ ८ पौंड, डिजिटल प्रतिमा ३ पौंड. प्रतिमा लगेच खात्यात दिसते, पण ती फक्त जुन्या जन्मांची आणि १८८७ पर्यंतच्या मृत्यूंची मिळते. विवाहाचा दाखला कागदीच घ्यावा लागतो. पैसे कार्डाने भरता येतात, अगदी भारतातूनही. सरकारी वाटतील अशी मध्यस्थांची संकेतस्थळं शोधात वर येतात. ती हाच दाखला मागवून देतात आणि वर आपला आकार लावतात, तेव्हा पत्ता नीट बघून घ्या.

व्हिसासाठी कागद हवा असेल, तर पीडीएफ किंवा प्रतिमा चालत नाही, कारण तिला कायदेशीर वजन नाही. राष्ट्रकुलातल्या नागरिकांना, म्हणजे भारतीयांनाही, आजी किंवा आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले असतील तर 'यूके अँसेस्ट्री' व्हिसासाठी अर्ज करता येतो. वय १७ किंवा जास्त हवं आणि तिथे काम करायचा इरादा हवा. स्वतःचा, संबंधित पालकाचा आणि त्या आजी-आजोबांचा, असे तिन्ही पूर्ण जन्मदाखले लागतात, पालकांची नावं असलेले. पणजोबा चालत नाहीत. १८५० सालचा लोहार व्हिसाच्या कामी येणार नाही, तो आपल्या समाधानापुरता.

खानेसुमारीतला धंदा

१८४१ ते १९२१ च्या खानेसुमारीची पानं खुली आहेत, १०० वर्षांनी ती उघडतात. १९३१ ची आगीत जळाली, १९४१ ला घेतलीच नाही. मधली पोकळी १९३९ च्या लोकसंख्येच्या नोंदवहीने थोडी भरते. बहुतेक पानं अँसेस्ट्री किंवा फाइंडमायपास्ट या संकेतस्थळांवर वर्गणी भरून दिसतात. १८८१ ची उतरवलेली नोंद फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट आहे. वर्षाची वर्गणी भरण्याची घाई करू नका. आधी दाखले जमवा, मग एक महिन्याची घ्या आणि त्यातच सगळं उतरवा.

१८४१ ला पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली आहेत. ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो. जन्मगावही नाही, फक्त त्याच परगण्यातला (काउंटीतला) की नाही एवढंच. म्हणून कारागिरासाठी खरं सोनं १८५१ पासून. जन्मगाव येतं, आणि धंद्याचा मालक असेल तर हाताखाली किती माणसं तेही: 'व्हीलराइट (गाड्यांची चाकं करणारा), मालक, दोन माणसं, एक उमेदवार (धंदा शिकायला राहिलेला)'. तो उमेदवार त्याच घरात झोपत असेल, तर पुढच्या ओळीत त्याचं नाव आणि त्याचं गाव. त्याच घरातली मुलगी पुढे त्याच्याशी लग्न करताना दिसते, असंही होतं. १९२१ ला मालकाचं नाव आणि कामाची जागाही विचारली आहे.

धंद्यांची नावं ओळखून ठेवा. कॉर्डवेनर नवे जोडे शिवायचा, फेरिअर घोड्यांना नाल मारायचा, कूपर पिंपं करायचा. 'एजी लॅब' म्हणजे शेतमजूर. एकाच माणसाचे दोन धंदे असणं नित्याचं होतं, सुतारकीच्या जोडीला बिअरचं दुकान वगैरे. हे खानेसुमारीत निसटतं, पण केलीज, पिगट, व्हाइट यांच्या व्यापारी निर्देशिकांत गावोगावची नावं धंद्यासकट छापलेली असतात. लेस्टर विद्यापीठाच्या संग्रहात त्या फुकट वाचता येतात.

१८३७ च्या आधी

इथून पुढे जीआरओ नाही, चर्च. जुनी रजिस्टरं बहुतेक परगण्याच्या अभिलेखागारात जमा आहेत. विल्टशरची चिपेनहॅमला. ईमेलने विचारणा करताना पॅरिश (म्हणजे एका चर्चची हद्द), नाव, धंदा आणि वर्षांचा पल्ला नेमका लिहा. 'आमच्या घराण्याची सगळी माहिती पाठवा' असं लिहिलंत, तर हाती काही लागत नाही. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील नमुन्यात बापाचा धंदा आहे, त्याआधी तो पाद्रीच्या मर्जीवर.

उमेदवारीच्या करारांवर मुद्रांक शुल्क लागायचं. त्याच्या १७१० ते १८११ च्या नोंदवह्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्ज या सरकारी अभिलेखागारात आहेत, क्रमांक आयआर १. बापाकडेच शिकलेल्या मुलासाठी पैसे दिलेले नसत, म्हणून तो यात सापडत नाही. उलट पॅरिशने कामाला लावलेल्या गरीब पोराचा करार गावाच्या कागदपत्रांत टिकून असतो. मृत्युपत्रं १८५८ पूर्वी चर्चच्या न्यायालयांत होत. सोबतच्या मालमत्तेच्या यादीत ऐरण, भाता, शेगडा, अर्धवट गाडीचं चाक असं एकेक मोजलेलं दिसतं.

छावणीतल्या शिपायापासून सुरुवात करणाऱ्यांनी उलट बाजूने यावं. सैन्यातून सुटलेल्यांचे कागद क्यूला डब्ल्यूओ ९७ या क्रमांकाखाली आहेत. त्यावर भरतीआधीचा धंदा आणि जन्माची पॅरिश लिहिलेली असते. १८८३ च्या आधीचे बहुतेक पेन्शन मिळालेल्यांचेच. मुंबई इलाख्यातल्या चर्चची बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाची विवरणं ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस विभागात एन ३ या क्रमांकाखाली आहेत, बरीचशी फाइंडमायपास्टवरही. तिथे पॅरिश मिळाली, की इंग्लंडमधला शोध त्या गावापासून सुरू करता येतो.