खाऱ्या पाण्याचे अतिक्रमण (मुंबई)

समुद्राचे किंवा खाडीचे पाणी जमिनीखालून आत सरकून गोड्या भूजलाची जागा घेते, त्या क्रियेला खाऱ्या पाण्याचे अतिक्रमण म्हणतात. बोलीभाषेत विहीर ‘मचूळ झाली’ किंवा ‘खारी पडली’ असे म्हणण्याची रीत आहे. समुद्राच्या पाण्यात क्लोराइडचे (मिठातील एका घटकाचे) प्रमाण लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम असते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५०० : २०१२) २५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड स्वीकार्य असून दुसरा स्रोत नसेल तेव्हा १,००० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. शंभर घागरी गोड्या पाण्यात समुद्राच्या दीड घागरी मिसळल्या तरी पहिली मर्यादा ओलांडली जाते. हा प्रश्न रंग-वासावरून लवकर कळत नाही, आणि कळतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो, तो यामुळेच.

तत्त्व व त्याचे श्रेय : गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा किंचित हलके असल्याने (घनतेचे प्रमाण सुमारे १ : १.०२५) किनाऱ्यालगतच्या जमिनीत ते खाऱ्यावर तरंगत राहते. भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या वर जितके मीटर असेल, त्याच्या सुमारे चाळीस पट खोलीपर्यंत गोडे पाणी मिळावे, असा आडाखा यावरून बांधला जातो. उलट बाजूने पाहिल्यास, उपशामुळे पातळी एक मीटर उतरली तर खाऱ्या पाण्याची सीमा कालांतराने चाळीस मीटर वर चढू शकते. पंपाखाली ती शंकूसारखी उचलली जाते.

हे सूत्र घायबेन–हर्झबर्ग या जोडनावाने ओळखले जाते. बादोन घायबेन या डच अभियंत्याने अ‍ॅम्स्टरडॅम परिसरातील अभ्यासातून (१८८८-८९) आणि हर्झबर्ग यांनी उत्तर समुद्रातील नॉर्डर्नाय बेटावरील विहिरींच्या कामातून (१९०१) ते स्वतंत्रपणे मांडले. मात्र अमेरिकेतील जोसेफ द्यू कोम्युन यांनी १८२८ मध्येच किनाऱ्यावरील विंधन विहिरीतील पाण्याची उंची आणि समुद्राच्या पाण्याचा जडपणा यांचा संबंध स्पष्टपणे सांगितला होता. त्यामुळे पहिला मान त्यांना द्यावा, असे काही अभ्यासक मानतात. कालक्रम त्यांच्या बाजूने आहे. तरी ते लिखाण पुढे बरीच दशके कोणी वापरलेले दिसत नाही, म्हणून रूढ नाव बदलण्याचे कारण नाही.

व्यवहारात अधिक महत्त्वाची आहे ती अमेरिकी भूशास्त्रज्ञ हबर्ट यांची १९४० मधील दुरुस्ती. मूळ सूत्रात पाणी स्थिर धरले होते, तर हबर्ट यांनी ते समुद्राकडे वाहते धरले आणि खाऱ्या पाण्याची सीमा सूत्रातून निघते त्याहून काहीशी खोल असते असे दाखवले. १९५९ मध्ये अमेरिकी भूजलतज्ज्ञ कूपर यांनी आणखी एक गोष्ट मांडली. ही सीमा म्हणजे रेघ नसून पट्टा आहे, आणि खारे पाणी स्वतःही त्यात फिरत राहते. त्यामुळे ‘चाळीस पट’ हा आकडा धोका किती मोठा याची जाणीव देतो, पण एखाद्या ठिकाणी किती खोल खणावे हे त्यावरून ठरवू नये.

मुंबईचा खडक : वरील सगळे विवेचन वाळूच्या सलग थरासाठी आहे. मुंबई बेट व साष्टी यांचा पाया दख्खनच्या बेसाल्टचा असून त्यात राखेचे थर, अग्निजन्य चुरा आणि काही भागांत ऱ्हायोलाइट व ट्रॅकाइट हे ज्वालामुखीजन्य खडक आढळतात. थर साधारणपणे पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे कललेले आहेत. अशा खडकात पाणी भरून राहते ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या फटींत. खारे पाणीही आघाडी उघडून सरसकट पुढे येत नाही. सापडेल त्या फटीने येते. एकाच वाडीतील एका विहिरीचे पाणी पिण्याजोगे आणि पन्नास पावलांवरच्या दुसरीचे फक्त धुण्याजोगे, हा जुन्या मुंबईकरांचा अनुभव या रचनेशी नेमका जुळतो.

येथे एक वाद नोंदवणे आवश्यक आहे. शहरातील खाऱ्या विहिरींचा संपूर्ण दोष समुद्राच्या अतिक्रमणाकडे देण्याचा एक प्रघात आहे. दुसऱ्या मतानुसार, बॅकबेसारख्या भरावाच्या जमिनीत आणि माहीम, वडाळा, शिवडीकडील खाडीच्या चिकणमातीत मूळचाच क्षार अडकलेला असतो आणि विहीर त्याला केवळ वाट करून देते. प्रस्तुत नोंदीत दुसरे मत निदान सखल भागापुरते ग्राह्य धरले आहे. दोन्ही प्रकार वेगळे ओळखता येतात. क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांचे गुणोत्तर पाहावे, विहिरीची पातळी भरती-ओहोटीबरोबर हलते का ते पाहावे, आणि दसऱ्याच्या सुमारास व पुन्हा मेअखेरीस असे दोनदा पाणी तपासावे. पावसानंतर गोड होऊन उन्हाळ्यात उपशाबरोबर खारी पडणारी विहीर समुद्राशी जोडलेली असण्याची शक्यता मोठी असते. वर्षभर सारखीच खारी राहणारी बहुधा मातीतल्या क्षाराची असते. उपाय दोन्हींना वेगवेगळे लागतात. पहिलीचा उपसा कमी करून ती वाचवता येते.

बाणगंगा व जुन्या विहिरी : वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असूनही त्याचे झरे गोडे आहेत. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला तहान लागली असता बाण मारून येथे गंगा काढली, अशी आख्यायिका आहे. बाण रामाचा की लक्ष्मणाचा, याबाबत पाठभेद आहेत. तलावाच्या बांधणीचा काळ ११२७ असा सर्रास दिला जातो आणि तिचे श्रेय शिलाहारांच्या दरबारातील लक्ष्मण प्रभू यांना दिले जाते. हा उल्लेख परंपरेचा म्हणून घ्यावा. १७१५ च्या सुमारास रामा कामत यांच्या देणगीतून झालेली मंदिराची व तलावाची पुनर्बांधणी त्यामानाने अधिक विश्वसनीय आहे.

पाणी गोडे का, याविषयीही दोन स्पष्टीकरणे आहेत. मलबार हिलच्या कड्यावर पडलेला पाऊस मुरून पायथ्याशी समुद्रसपाटीच्या वर झऱ्यांतून बाहेर पडतो, हे पहिले. दुसऱ्यात बेसाल्टच्या थरांमध्ये असलेल्या गाळाच्या खडकावर भर आहे. मलबार हिल ते वरळी या रांगेतील हा खडक गोड्या पाण्याच्या तळ्यात साचला होता. वरळीच्या अशाच थरातील बेडकांच्या जीवाश्मांचे वर्णन ब्रिटिश जीवाश्मशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केले. त्यातील चिकण थर मुरलेले पाणी अडवून बाजूला वळवतो, असे हे मत आहे. दोन्ही मतांत खरा विरोध नाही. झऱ्याची पातळी समुद्राच्या वर राहिली पाहिजे, ही अट दोन्हींत समान आहे. टेकडीवरची मोकळी जमीन काँक्रीटखाली जाते तेव्हा हीच अट मोडत जाते. बाणगंगेच्या रक्षणाचा विचार घाटाच्या पायऱ्यांपाशी थांबतो आणि डोक्यावरच्या टेकडीपर्यंत जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर (१७२५) हे दुसरे प्रसिद्ध उदाहरण. भराव होण्यापूर्वी किनारा तिच्या बराच जवळ होता, तरी तिचे पाणी गोडे राहिले आणि पारशी समाजाने ती पवित्र मानून आजवर जपली. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही तळी आता केवळ नावापुरती उरली आहेत. खारा टँक या नावातच त्या तळ्याच्या पाण्याची चव नोंदलेली आहे.

बाहेरून आणलेले पाणी : तळी-विहिरींवर शहर तगणार नाही हे १८४५ पर्यंत स्पष्ट झाले होते आणि १८५४ च्या अवर्षणाने त्यावर शिक्कामोर्तब केले. अभियंते हेन्री कॉनिबेअर यांच्या आराखड्यानुसार मिठी नदीच्या उगमाशी विहार तलाव बांधला गेला (१८५६–६०). पुढे तुळशी (१८७९), तानसा (१८९२), अभियंते न. वि. मोडक यांच्या नावाचा मोडक सागर (१९५७), ऊर्ध्व वैतरणा (१९७३), भातसा आणि मध्य वैतरणा (२०१४) अशी भर पडली. आज या सात स्रोतांतून शहराला दररोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळते.

भरतीच्या आवाक्याबाहेरचे हे पाणी आल्यावर विहिरी दुय्यम ठरल्या. मुंबईतील हिवतापावरील डॉ. बेंटली यांच्या अहवालानंतर (१९११) डासांच्या भीतीने अनेक विहिरी बुजवण्यात किंवा झाकण्यात आल्या. धार्मिक कारणांसाठी उघडे पाणी लागत असल्याने या मोहिमेला विरोधही झाला. हिवतापाच्या दृष्टीने ते पाऊल योग्यच होते. पण शेंदणारे हात थांबले आणि त्याबरोबर पाण्याची रोजची चव घेणारी जीभही गेली. विहीर कधी खारी पडली हे सांगणारे कोणी उरले नाही.

बांध, खाजणे व झडपा : जमिनीवरून येणारे खारे पाणी रोखण्याची विद्या कोकणात जुनी आहे. मातीचा बांध घालायचा, ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला मिटणारी उघाडी बसवायची, आणि तीन-चार पावसाळ्यांनी मीठ धुऊन जाईपर्यंत थांबायचे. महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडार बंद करणारा वरळीचा बांध, म्हणजे हॉर्नबी व्हेलार्ड (परंपरेनुसार १७८४ च्या सुमारास पूर्ण), हा याच विद्येचा मोठा आविष्कार. ‘व्हेलार्ड’ हा शब्द पोर्तुगीजमधून आला असावा. खारभूमीसाठी १९४८ मध्ये मुंबई राज्याने व १९७९ मध्ये महाराष्ट्राने कायदे केले. सध्या मुंबईत मोठ्या नाल्यांच्या मुखांशी झडपा आणि हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला आदी ठिकाणी उदंचन (पंपिंग) केंद्रे आहेत. ती पूर टाळण्यासाठी बांधली गेली, तथापि भरतीचे पाणी आत शिरू न देण्याचे कामही त्यांतून होते.

विंधन विहिरी, टँकर व पुनर्भरण : नळाचे पाणी अपुरे पडते तेथे बोअरवेल आणि टँकर येतात. एप्रिल २०२५ मध्ये भूजल उपशाच्या परवान्यांच्या नियमांवरून टँकरचालकांनी संप केला, तेव्हा शहर या पाण्यावर किती विसंबून आहे ते दिसून आले. बोअरवेलचा धोका क्षारापुरता नाही. ठाण्यात विंधन विहिरीमुळे मुंबईच्या जलबोगद्याला गळती लागली आणि त्याच्या दुरुस्तीसाठी २०२३ मध्ये मुंबईत १५ टक्के पाणीकपात करावी लागली.

पर्जन्यजल संधारण २००२ पासून १,००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना सक्तीचे झाले आणि पुढे मर्यादा आणखी खाली आणली गेली. नियम चांगला आहे, मात्र सगळीकडे सारखाच खड्डा खणणे बरोबर नाही. मलबार हिल, बोरिवली किंवा मुलुंडच्या उंचवट्यावर पुनर्भरणाने समुद्रावरचा दाब खरोखर वाढतो. भरावाच्या जमिनीत भूजल आधीच हातभर खोलीवर असते. तेथे मुरवलेले पाणी खाऱ्यातच जाते. अशा ठिकाणी छपराचे पाणी टाकीत साठवणेच योग्य.

समुद्राचेच पाणी गोडे करण्याचा मनोरी येथील प्रकल्प प्रारंभी दररोज २०० दशलक्ष लिटर आणि पुढे ४०० दशलक्ष लिटर क्षमतेचा योजला आहे. उरणारे दाट खारट पाणी कोठे आणि किती खोल सोडायचे, हा त्यातील मासेमारांच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा होय.

शहराच्या उत्तरेस वसईची किनारपट्टी वाळूची असल्याने तेथे मूळ सूत्र बरेचसे लागू पडते. रहाटाने हलकेच पाणी काढून केळी-भाजीच्या वाड्या भिजवण्याच्या जुन्या पद्धतीत वरचे गोडे पाणीच तेवढे उचलले जाई. पंप आणि टँकर आल्यावर ते गणित बिघडले. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात विहिरींच्या पाण्याचा प्रश्न अग्रभागी होता.