१९२.१६८ आणि १६९.२५४: दिलेला पत्ता आणि स्वतःच घेतलेला पत्ता

नेट बंद पडलं म्हणून सेटिंग्ज उघडाव्यात, तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता दिसावा, आणि वाटावं, ‘पत्ता तर मिळालाय, म्हणजे राउटरपर्यंत सगळं ठीक आहे.’ हा गैरसमज फार वेळ खातो. तो पत्ता कुणी दिलेलाच नसतो.

१९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता बहुधा राउटरमधला डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे पत्ते वाटणारा भाग, देतो. यंत्र विचारतं, सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, यंत्र तो मागून घेतं आणि सर्व्हर पक्का करतो. त्याला मुदत असते. सोबत गेटवे, म्हणजे बाहेर पडायची वाट, आणि डीएनएस सर्व्हरही, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणारा, कळवला जातो.

या विचारण्याला कुणीच उत्तर दिलं नाही, तर यंत्र स्वतःच पत्ता निवडतं. १६९.२५४.१.० ते १६९.२५४.२५४.२५५ या ६५,०२४ पत्त्यांतला कुठलाही एक. निवड यादृच्छिक असली तरी तिचं बीज, म्हणजे सुरुवातीचा आकडा, सहसा यंत्राच्या मॅक पत्त्यातून, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या क्रमांकातून, घेतात, त्यामुळे पुन्हा चालू केल्यावर अनेकदा तोच पत्ता येतो. मग एआरपीने, म्हणजे त्याच नेटवर्कवर पत्त्याचा धनी शोधायच्या पद्धतीने, ३ वेळा चौकशी होते: हा पत्ता कुणाचा आहे का? कुणी ‘माझा’ म्हटलं तर दुसरा निवडायचा. नाहीतर तो आपला म्हणून जाहीर करायचा. कुणी मुख्य नाही, नोंदवही नाही, तरी काम भागतं. मला ही रचना मनापासून आवडते. २००५ साली आरएफसी ३९२७ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात ती प्रमाणित झाली. विंडोजमध्ये ती विंडोज ९८ पासूनच होती.

घोळ होतो तो दोन्ही पत्ते ‘खासगी’ वाटतात म्हणून. दोन्ही इंटरनेटवर थेट चालत नाहीत, हे खरं. पण १९२.१६८ चं पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, राउटर नॅट वापरून, म्हणजे स्वतःचा सार्वजनिक पत्ता लावून बाहेर पाठवतो. १६९.२५४ चं पॅकेट राउटरने पुढे पाठवायचंच नाही, असा नियम आहे. ते त्याच केबलवर, त्याच वायफायवर फिरतं. दोन लॅपटॉप एका केबलने जोडून फाइल पाठवायची असेल तर तेवढं पुरतं. प्रिंटर १६९.२५४ वर आणि संगणक १९२.१६८ वर असेल, तर मात्र शेजारी असूनही दोघांची सहसा गाठ पडत नाही.

म्हणून १६९.२५४ दिसला की हाताने दुसरा आकडा टाकायच्या आधी डीएचसीपी का बोलला नाही ते शोधा: केबल सैल आहे का, राउटरमध्ये ती सोय बंद आहे का, वाटायचे पत्ते संपलेत का. कारण दूर झालं की पत्ता सहसा आपोआप बदलतो. विंडोज दर ५ मिनिटांनी पुन्हा विचारत राहतं.

आयपीव्ही६ ला, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या, लांब प्रकाराला, मात्र हा निकष लावू नका. तिथे एफई८० ने सुरू होणारा स्वयंघोषित पत्ता सगळं सुरळीत असतानाही प्रत्येक जोडणीवर असतोच.