लिफाफ्याच्या अलीकडे आणि पलीकडे: स्थानिक कंत्राटांवरच्या देखरेखीची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कच्या काउंटी न्यायालयाची इमारत बांधली गेली तेव्हा 3 टेबले आणि 40 खुर्च्यांपोटी 1,79,729 डॉलर खर्ची पडले. पुरवठादार, बिले पास करणारे अधिकारी आणि शहराचा कारभार मुठीत ठेवणारे विल्यम ट्वीड, सगळे एकाच साखळीतले. 1871 च्या जुलैमध्ये हिशेबवह्यांच्या नकला वर्तमानपत्रात छापून आल्या, तेव्हा कुठे हे लोकांना कळले.

जाहिरात द्यायची, कंत्राटदारांकडून दरांचे मोहोरबंद लिफाफे मागवायचे, ठरल्या वेळी सर्वांसमक्ष उघडायचे, ही रीत पुढे जगभर रुळली. दुसऱ्याचा दर आधी पाहून आपला ठरवणे त्यामुळे अवघड झाले. पण पैसा बहुतेक वेळा गळतो तो लिफाफ्याच्या अलीकडे नाहीतर पलीकडे. अलीकडे म्हणजे एकाच पुरवठादाराच्या मापाने बेतलेल्या अटी, निविदा काढावी लागू नये म्हणून कामाचे पाडलेले तुकडे.

पलीकडचा, म्हणजे काम दिल्यानंतरचा प्रकार पकडायला जास्त कठीण. समजा, निविदेत कठीण खडकातले खोदकाम 20 घनमीटर धरले आहे. ते वाढणार हे ज्याला आतून कळलेले असते, तो त्याच बाबीला चढा दर लावतो आणि बाकीचे दर पाडतो. एकूण बेरीज सर्वांत कमी भरते, काम त्यालाच मिळते. अंतिम बिलात 20 चे 200 झालेले असतात. खड्डा बुजवल्यावर खाली खडक होता की मुरूम, याचा पुरावा उरतो तो झालेल्या कामाची मापे नोंदवणाऱ्या मोजमाप पुस्तिकेत. लिफाफे कितीही चोख उघडले तरी हे थांबत नाही.

म्हणूनच डिसेंबर 1994 मधली राजस्थानातल्या कोटकिराना गावची जनसुनावणी आम्हाला फार मोलाची वाटते. मजदूर किसान शक्ती संघटनेने तिथे पंचायतीच्या कामांची बिले आणि मस्टर, म्हणजे मजुरांचे हजेरीपट, गावासमोर वाचून दाखवली. मस्टरवरची मजुरी खरोखर मिळाली का, हे सांगणारी माणसे समोरच बसलेली होती. माहिती अधिकाराच्या चळवळीला तिथून बळ मिळाले. 2005 च्या कायद्याच्या कलम 2 मध्ये माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या आहे, तिच्यात कागदपत्रांबरोबर कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणेही येते.

स्लोव्हाकियाने 2011 पासून नियम उलटा फिरवला: सार्वजनिक कंत्राट इंटरनेटवर प्रसिद्ध झाल्याशिवाय लागूच होत नाही. तो पालिकांनाही बंधनकारक आहे. युक्रेनने 2016 मध्ये ‘प्रोझोरो’ ही ऑनलाइन खरेदी प्रणाली सर्व सरकारी खरेदीदारांना सक्तीची केली. लिलाव संपला की सगळ्यांच्या बोली आणि कागद कोणालाही पाहता येऊ लागले. त्याआधी, 2014 मध्ये, खुल्या कंत्राट-माहितीचे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यात नियोजन, निविदा, निवड, करार आणि अंमलबजावणी असे पाच टप्पे एकाच क्रमांकाने जोडलेले असतात.

यातला पाचवा टप्पाच सर्वांत जास्त वेळा रिकामा आढळतो. जादा बाबींचे मंजुरी आदेश प्रसिद्ध होत नाहीत, किंवा मजकूर शोधता येणार नाही अशा स्कॅन केलेल्या प्रतींत पडून राहतात. तपासणी करताना आधी निविदेतले परिमाण, कार्यादेशातले परिमाण आणि अंतिम बिलातले परिमाण बाबवार शेजारी शेजारी मांडावे. ज्या बाबीचा दर चढा आहे आणि परिमाणही वाढले आहे, तिचे मोजमाप पुस्तिकेतले पान पहिले मागावे.